अकराव्या दिवसानंतर

जुन्नर-आंबेगावात माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीकाठ माणसांनी भरून जातो. कुकडी असो, मीना असो की घोड, सकाळी सात-साडेसातपासून घाटाकडे गाड्या वळायला लागतात. मांडव घातलेला असतो, स्पीकर लावलेला असतो. महाराज जन्ममरणाच्या फेऱ्यावर प्रवचन करतात. मग श्रद्धांजलीला सरपंच उठतात, सोसायटीचे चेअरमन उठतात, साखर कारखान्याचे संचालक, मुंबईहून रात्रीतून आलेले भाऊबंद. गेलेल्या माणसानं विहीर कशी खोदली, बहिणींचे संसार कसे उभे केले, पंढरीची वारी कधी चुकवली नाही, हे सगळं स्पीकरवरून नदीच्या दोन्ही काठांना ऐकू जातं. पहिल्यांदा आलेल्या शहरी माणसाला दुःखाचा हा जाहीरपणा खटकतो. मला तो प्रिय आहे. जन्मभर मातीत राबलेल्या माणसाबद्दल कुणीतरी उभं राहून चार वाक्यं बोलतं आणि त्याच्या घरची माणसं मान खाली घालून ती ऐकतात, यात मला काहीच उणं दिसत नाही.

आणि मग कावळ्याची वाट पाहणं. पिंड मांडला की शे-दोनशे माणसांच्या नजरा एका झाडाकडे लागतात. कावळा लवकर शिवला तर सुटल्यासारखं होतं. नाही शिवला, तर कुणीतरी पुढं होतं, हात जोडतं आणि मोठ्यानं बोलायला लागतं. धाकटीचं लग्न मी करीन. आईला अंतर देणार नाही. बांधावरून पुन्हा भांडण काढणार नाही. वर्षानुवर्षं भावाशी न बोललेला भाऊ त्या घटकेला गेलेल्याशी बोलतो, आणि ते ऐकत जिवंत भाऊ शेजारीच उभा असतो. त्याला कुणी अडवत नाही, कुणी घाई करत नाही. सगळे थांबलेले असतात. बोललेलं खरं होईल की नाही हा पुढचा प्रश्न. पण मनात अडकलेलं काहीतरी माणसांच्या साक्षीनं तोंडावाटे बाहेर पडलं, हे मात्र खरंच घडलेलं असतं.

मी मानसिक आरोग्याची परिचर्या शिकवते. रुग्णाशी कसं बोलावं, कधी गप्प बसावं, त्याच्या वाक्यातलं न बोललेलं कसं ऐकावं, हा माझ्या विषयाचा गाभा. वर्गात मी हे पुस्तकातून शिकवते. पण ज्यांना हा घाट माहीत आहे त्या मुलींना अर्धा धडा आधीच येत असतो, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

उरलेला अर्धा मात्र घाटावर शिकायला मिळत नाही. तो अकराव्या दिवसापासूनचा आहे.

तोवर शेजार असतो. चूल पेटत नाही त्या घरात कडू घास घेऊन माणसं येतात, बायका गळ्यात पडून रडतात, रात्री कुणीतरी ओसरीवर झोपायला असतं. दहावा होतो, तेरावा होतो, मग कांद्याची लागण खोळंबलेली असते, दूध डेअरीला घालायचं असतं, ऊसतोडीची टोळी दारात उभी असते. माणसं जातात. त्यांची चूक नाही. शेतीला सुतक पाळता येत नाही. पण दुःखाचा अंमल खरा कळायला लागतो तो त्यानंतर, ताटं मांडताना एक जास्त मांडलं जातं तेव्हा. आणि तेव्हा घरात फक्त घरची माणसं उरतात, ज्यांच्यापैकी प्रत्येकजण दुसऱ्याला त्रास नको म्हणून गप्प बसलेला असतो. त्या वेळी उंबऱ्यावर कोण येतं? पुष्कळदा आशाताई येते, उपकेंद्रातली सिस्टर येते. ती आलेली असते कुणाच्या तरी गरोदरपणाची नोंद घ्यायला, बीपी बघायला. आणि घरातली बाई तिच्यासमोर रडायला लागते.

माळीणबद्दल विचार करताना मला ही शेजाराची गोष्ट सतत आठवते. ३० जुलै २०१४ ची सकाळ. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, महादेव कोळ्यांचं हे गाव. पावसानं भिजून जड झालेला डोंगराचा उतार सुटला आणि घरांवर आला. नेहमीची एसटी घेऊन गेलेल्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, आणि बाहेरच्या जगाला खबर मिळाली ती त्याच्यामुळे. १५१ माणसं गेली. पुढं कित्येक दिवस पावसातच चिखल उपसणं चाललं होतं. जी वाचली त्यांतली बरीचशी वाचली ती त्या घटकेला गावात नव्हती म्हणून: कुणी कामाला बाहेर, कुणी शिकायला आश्रमशाळेत, कुणी शेताकडे गेलेलं.

आपल्या सांत्वनाच्या सगळ्या रीती एका गोष्टीवर उभ्या आहेत. दुःख एका घरात असतं आणि शेजार शाबूत असतो. कडू घास शेजारच्या घरातून यायचा असतो. खांद्यावर हात ठेवणारी बाई पलीकडच्या आळीतली असते. माळीणमध्ये ती आळीच गेली. जिनं येऊन कवटाळायचं तीही मातीखाली होती. आईसाठी रडावं तर बहीण राहते, बहिणीसाठी रडावं तर लेकरं राहतात. एका माणसाच्या वाट्याला इतकी माणसं आली की कुणाचं दुःख आधी करावं हेच सुचू नये. आणि डोंगर तर आपलाच. त्याच्यावरचा हिरडा वेचून वर्षाची मीठ-मिरची सुटायची, त्याच्या पायथ्याला भाताची खाचरं. ज्यानं पोसलं त्याच्यावर राग धरायचा तरी कसा?

अशा वेळी बाहेरून पुष्कळ लोक येतात आणि चांगल्या मनानंच येतात. पण त्यांना ऐकायचं असतं ते ‘काय झालं’ एवढंच. वाचलेल्या माणसाकडून तीच सकाळ पुन्हा पुन्हा वदवून घेतली जाते. एके काळी मानसिक मदत करणाऱ्यांचाही असा समज होता की आपत्तीनंतर लगेच माणसाला सगळं तपशीलवार सांगायला लावलं की मन हलकं होतं. पुढच्या अभ्यासांत या पद्धतीचा फायदा दिसला नाही, काही जणांना उलट त्रासच झाल्याचं आढळलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं ती करू नये असं सांगितलं. तिच्या जागी २०११ मध्ये संघटनेनं मानसिक प्रथमोपचाराची एक साधी पुस्तिका काढली. आधी पाहा, मग ऐका, मग ज्याची गरज आहे त्याच्याशी जोडून द्या. अंगावर कोरडं कापड आहे का ते पाहा. मूल कुठं आहे ते विचारा. बोलला तर ऐका, नाही बोलला तर बसून राहा. वाचलेल्या माणसाला सांगायचं स्वातंत्र्य द्यायचं, तसंच न सांगण्याचंही.

मुलींना मी आणखी काही वाक्यं बजावून ठेवते, जी त्यांच्या तोंडून जाऊ नयेत. ‘रडू नका’ हे त्यांतलं पहिलं. ‘देवाची मर्जी’ हे दुसरं. ज्याचं दुःख आहे त्यानं ते म्हटलं तर त्याचा आधार आहे, आपण म्हटलं तर दार लावून घेणं आहे. ‘मला कळतंय तुमच्यावर काय गुदरलंय’ हेही नाही, कारण कळलेलं नसतं. आणि सगळ्यांत जिव्हारी लागणारं म्हणजे ‘निदान धाकटा तरी वाचला.’ हे म्हणणारी व्यक्ती खरोखर आशेची एक काडी शोधून देत असते. पण ऐकणाऱ्या आईला त्यात हिशेब ऐकू येतो: थोरला गेला, त्याच्या बदल्यात धाकटा आहे ना? तिला हिशेब नको असतो. थोरल्याबद्दल कुणीतरी विचारायला हवं असतं. त्याला काय आवडायचं, तो कितवीत होता. मेलेल्या माणसाचं नाव घ्यायला लोक कचरतात, आईला आठवण होईल म्हणून. जणू ती विसरलेली असते!

मग म्हणायचं काय? फार थोडं. ‘मी बसते इथं थोडा वेळ.’ आणि बसायचं, खरंच, घड्याळाकडे न बघता, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर, जमिनीवर ती बसली असेल तर जमिनीवर. पश्चिम पट्ट्यातल्या एका वाडीत एक आजी खूप वेळानं एवढंच म्हणाली होती, ‘औंदा भात लावायचा राहिला.’ बरोबरची शिकाऊ मुलगी हुशार. तिनं सरकारी मदतीची माहिती दिली नाही, पुढच्या वर्षी लावा म्हटलं नाही. ती हळूच म्हणाली, ‘राहिला, आजी?’ आणि मग आजी सांगत गेली. लावणीला पुढं कोण असायचं, गाणं कोण उचलायचं, चिखलात पाय रुतला की कोण हसायचं. सगळी गेलेली माणसं त्या खाचरात येऊन उभी राहिली. शेवटचा शब्द तेवढा हलकेच परत द्यायचा, बाकी वाट तिची तिला माहीत असते. पुस्तकात या कौशल्याला एक परिच्छेद दिलेला असतो. ते अंगी यायला मुलींना वर्ष लागतं, आणि काहींना तेवढ्यात येतही नाही. आपलं ज्ञान तोंडाशी आलेलं असताना गिळणं फार अवघड.

नारायणगावाजवळ खोडदला आमची ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५-४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, द्राक्षांच्या आणि कांद्याच्या शेतांमधून आकाशाकडे तोंड करून उभ्या. अतिशय दूरचा, अतिशय क्षीण संदेश ऐकायचा तर भोवतालचा गोंगाट कमी हवा, म्हणून त्या परिसरात कुठले उद्योग यावेत यावरही बंधनं आहेत. शिकाऊ मुलींना घेऊन त्या रस्त्यानं जाताना मी गाडी थांबवायला सांगते आणि तबकड्यांकडे बोट दाखवते. समोरचा माणूस नेहमी क्षीणच बोलतो. गोंगाट असतो तो आपल्या आत: पुढचं घर, राहिलेला अहवाल, आपलं स्वतःचं भय, काहीतरी शहाणं बोलण्याची ओढ.

या कामाला शास्त्राचा मान मिळवून देणारी बाई म्हणजे अमेरिकेतली परिचारिका हिल्डेगार्ड पेप्लाउ. जन्म १९०९ चा. १९१८ च्या फ्लूच्या साथीत तापानं भ्रमिष्ट झालेली माणसं आणि त्यांची हवालदिल घरं तिनं लहानपणी पाहिली होती. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे, हे सांगणारं तिचं पुस्तक १९५२ मध्ये आलं. लिहून ते काही वर्षं आधीच झालं होतं. पण सोबत डॉक्टरचं नाव नसताना एका परिचारिकेनं असं पुस्तक छापणं त्या काळाला मानवेना. तिची एक मांडणी मला आपल्या वाड्या-वस्त्यांसाठी फार मोलाची वाटते. परिचारिका रुग्णासमोर पहिल्यांदा येते ती परकी म्हणून. ते नाकारायचं नाही. अनोळखी पाहुण्याशी वागतो तेवढ्या अदबीनं वागायचं, जवळीक ओढून आणायची नाही. कधी कधी तर परकेपणाच उपयोगी पडतो. सासूला, जावेला सांगता न येणारं बाई सिस्टरला सांगते, कारण सिस्टर उद्या पाणवठ्यावर भेटणार नसते.

पण सांगते तेही सरळ नाही. आदिवासी पट्ट्यातल्या ओपीडीत मन दुखतंय म्हणून कुणी केसपेपर काढत नाही. जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, पायाला मुंग्या येतात, डोकं गरगरतं, रातभर डोळ्याला डोळा लागत नाही. बीपी मोजलं जातं, गोळ्या मिळतात, बाई पुढच्या आठवड्यात परत येते. अशा वेळी तपासायचं ते तपासून झाल्यावर एकच प्रश्न विचारायचा असतो: ‘हे कधीपासून होतंय?’ आणि उत्तर यायला लागेल तेवढा वेळ हातातली पेन्सिल खाली ठेवायची. ‘पाऊस लागला तवापासून’ असं उत्तर आलं, तर निम्मं निदान झालं.

पाऊस हा इथला मोठा प्रश्न आहे. नवं माळीण आमडे गावाच्या हद्दीत वसलं, २ एप्रिल २०१७ रोजी घरं लोकांच्या ताब्यात दिली गेली. त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडाला नव्या वसाहतीत रस्ते आणि भराव खचले. घरं उभी होती, पण ज्यांनी एकदा डोंगर येताना ऐकलाय त्यांच्या मनाचं काय झालं असेल? पुढं जुलै २०२१ मध्ये महाडजवळ तळीये, जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. दर वेळी बातम्यांत माळीणचं नाव पुन्हा येतं, जुनी दृश्यं पुन्हा दाखवतात. घाव बरा होण्याचं वेळापत्रक आपण महिन्यांत मोजतो. इथं ते पावसाळ्यांत मोजावं लागेल.

पूर्व पट्ट्यात भय वेगळं आहे. उसात बिबट्या आहे, आणि शेतीपंपाची वीज रात्रीची असली की पाण्याच्या पाळीला अंधारातच जावं लागतं. जुन्नर वनविभागात आंबेगाव, खेड, शिरूर हे तालुकेही येतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या परिसरात काही आठवड्यांच्या आत लहान मुलांसह तीन जीव गेले. अशा घटनेनंतर पिंजरे येतात, पंचनामा होतो, रस्ता अडवला जातो, आणि तो राग रास्तच असतो. त्या गर्दीत एका बाजूला गेलेल्या मुलाचा भाऊ किंवा बहीण उभी असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. काही दिवसांनी ती अंथरूण ओलं करायला लागते, शाळेत बोलेनाशी होते. मोठ्यांना वाटतं, लहान आहे, विसरेल. अशा पोरीजवळ बसणं हे परिचारिकेचं काम आहे. त्या पोरीला काही विचारायचं नाही. कागद आणि खडू पुढं ठेवायचे, आपणही एक कागद घ्यायचा. तिनं काढलेला प्राणी काळ्या खडूनं पूर्ण झाकून टाकला, तर झाकू द्यायचा. आणि घरच्यांना सांगायचं की तिला रात्री एकटं झोपवू नका, आणि अंथरुणावरून रागावू नका.

यापेक्षाही अवघड जागा ग्रामीण रुग्णालयात असते. औषध घेतलेला माणूस. टोमॅटोचे भाव कोसळलेले, उधारी, घरातलं भांडण, कधी यांतलं काहीच नाही, नुसतं आतून विझत गेलेलं मन. जीव वाचवायची धावपळ संपते, सलाईन चालू असतं, आणि भोवती नातेवाईक बोलत असतात: पोरांचा तरी विचार करायचा होता. तो डोळे मिटून पडलेला असतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की असं पाऊल उचललेल्या माणसावर तीव्र ताण होता असंच धरून चालायचं आणि त्याची काळजी घेणं, पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी आहे. कायद्याचं हे मन वॉर्डात पोचवायचं तर ते सिस्टरच्या आवाजातूनच पोचेल. ती नातेवाइकांना चहा प्यायला बाहेर पाठवू शकते. ती स्टूल ओढून विचारू शकते, ‘किती दिवसांपासून जगणं नकोसं झालंय?’ आणि पुढचाही प्रश्न, आडवळणानं न जाता: ‘आत्ताही मनात येतंय का, जीव द्यावा असं?’ असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर माणसाचा श्वास मोकळा होतो, कारण जे उच्चारायची त्याला लाज होती ते दुसऱ्यानं न दचकता उच्चारलेलं असतं. त्याच्या हाती घरी जाताना १४४१६ हा क्रमांक लिहून द्यायचा. टेलि-मानसची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पण नुसता क्रमांक देऊन भागत नाही. पहिला फोन आपल्यासमोर लावून द्यावा.

आता जिनं हे सगळं करायचं तिच्याबद्दल. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाला ती एकटी असते. किती इंजेक्शनं दिली, किती सलाईन लावली याची नोंद असते. किती वेळ कुणाजवळ बसली याला रकानाच नाही, म्हणून ते काम झालेलंच नसतं. आपत्तीच्या ठिकाणी ड्यूटी केलेल्या परिचारिकेला दुसऱ्या दिवशी लसीकरणाचं सत्र असतं. तिनं जे पाहिलं ते ती कुणाला सांगणार? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञाबरोबर प्रशिक्षित परिचारिकेचंही पद असतं. त्या पदावरच्या माणसानं रुग्णांइतकंच उपकेंद्रांतल्या सिस्टर आणि आशाताईंना महिन्यातून एकदा एकत्र बसवावं आणि त्यांचं ऐकावं, हे मी जिथं बोलायला मिळेल तिथं बोलत आले आहे आणि बोलत राहीन.

आणखी एक गोष्ट, बदल्यांची. जिल्हा परिषदेच्या बदल्या सहसा उन्हाळ्याच्या शेवटी होतात. म्हणजे डोंगरातल्या ज्या बाईचा एका सिस्टरवर विश्वास बसलेला असतो, तिची सिस्टर नेमकी पावसाच्या तोंडावर निघून जाते. आधीच न सांगता गेलेली माणसं ज्यांच्या आयुष्यात फार आहेत, त्यांच्यातून आपण तरी न सांगता जाऊ नये. पेप्लाउनं नात्याच्या शेवटच्या टप्प्याला सुरुवातीइतकंच महत्त्व दिलं आहे. माझ्या ओळखीच्या एका परिचारिकेनं हे फार नीट केलं. बदलीची कुणकुण लागताच तिनं एकेका घरी जाऊन सांगितलं, ऑर्डर आल्यावर पुन्हा सांगितलं, आणि शेवटच्या आठवड्यात नव्या सिस्टरला बरोबर घेऊन फिरली. मीही त्या दिवशी सोबत होते. एका घरात म्हातारी बराच वेळ काही बोललीच नाही, सूप पुढं ओढून तांदूळ पाखडत राहिली. मग नव्या मुलीकडे न बघता जुनीला म्हणाली, ‘तिला सांगून ठेव. पहिला पाऊस आला की मला झोप येत नाही. तवा ये म्हणावं.’

‘तुम्हीच सांगा ना आजी,’ जुनी सिस्टर म्हणाली.

म्हातारीनं सूप खाली ठेवलं आणि नव्या मुलीला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.